एक हात दोर

जनूदादा पागधरे दोर कधी ओलांडत नसे. वाटेत दोर पडलेला असला की तो वळसा घालून जायचा, आणि दोर लांब असला तर वळसाही तेवढाच लांब. कारखान्याच्या आवारात वीस-पंचवीस पावलं उगाच चालून पलीकडे पोचणारा हा माणूस पाहिला की नव्या कामगारांना वाटायचं, याचं काहीतरी पडलंय, शोधतोय. विचारलं तर म्हणायचा, "दोर ओलांडला तर त्याला राग येतो. आन् रागावलेल्या दोरावर मी मानूस टांगत नाय."

बोईसरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो, तिथं तो खलाशी होता. कारखान्यातला खलाशी म्हणजे दोर, साखळी आणि कप्पी लावून अवजड यंत्रं उचलणारा, सरकवणारा, जागेवर बसवणारा माणूस. जनूदादा नवापूरचा, मांगेल्यांच्या घरातला. बाप, आजा, पणजा सगळे समुद्रावर गेलेले. यालाच तेवढी होडी लागायची. किनारा दिसेनासा व्हायच्या आत पोटातलं सगळं बाहेर. बापानं तीन मोसम वाट पाहिली आणि मग विचारलं, "तू मासली धरायला येतोस का तिला चारा घालायला?" त्या दिवशी जनूदादा होडीवरून उतरला तो कायमचा. पण दोर हातातून सुटला नाही. होडीवरचा खलाशी कारखान्यातला खलाशी झाला, एवढंच.

उंचीला बेताचा, अंगानं वाळका. हात मात्र दुसऱ्या कुणा मोठ्या माणसाचे आणून बसवल्यासारखे. त्या हातांनी तो दोर मोजायचा तो वावेनं. दोन्ही हात पसरले की एक वाव. मी स्टोअरमधून मीटरची टेप काढून दिली की तो ती शांतपणे परत ठेवायचा आणि दोन्ही हात पसरायचा. माप तेच यायचं, आणि माझं तोंड उतरायचं.

त्याचा सगळ्यात कडक नियम असा, की नजरेआड गेलेला दोर मेला. त्याच्या अपरोक्ष कुणी दोराला हात लावला, कुठे नेला, काही बांधलं, की त्या दोरावर पुन्हा वजन नाही. मग तो दोर कितीही नवा असो. तुकडे करून तो घरी न्यायचा आणि वहिनी त्यावर बोंबील वाळत घालायची. वहिनी बोईसरच्या बाजारात सुकी मासळी घेऊन बसायची. एकदा मला म्हणाली, "भावोजी, यांचा दोर मरतो तवा माजं बोंबील सुकतं. मरू दे आनखी दोन-चार. तुमी आमच्या दोराला जरा हात लावत जा."

या नियमाचं कारण मला फार उशिरा कळलं. मी त्या कारखान्यात लागायच्या आधीची गोष्ट. एक नवी पोलादी टाकी आली होती, दोन पुरुष खोल, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड. जनूदादा आतला आकडा बसवायला दोरानं खाली उतरला. वर दुसऱ्या टोळीला दोर हवा होता. आत माणूस आहे हे त्यांना माहीत नव्हतं; त्यांनी दोर सोडून नेला. पाठोपाठ कुणीतरी आवराआवर करताना, धूळ जाऊ नये म्हणून, तोंडावर झाकण ठेवलं. तेवढ्यात जेवणाचा भोंगा झाला. शेजारी कॉम्प्रेसर चालू होता, त्यामुळे आतून पान्यानं ठोकलेलं कुणाला ऐकू गेलं नाही. सव्वा तासानं झाकण निघालं तेव्हा जनूदादा बाहेर आला, पाणी प्यायला, डबा घेऊन उघड्या आवारात गेला आणि उभ्यानं जेवला. कुणाला एक शिवी दिली नाही. सगळ्यांना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

तेव्हापासून बंद जागा म्हटली की त्याचा श्वास अडायचा. घरी बाराही महिने ओटीवर झोपायचा. एसटीत दारालगतच्या बाकावर. सिनेमाला कधीच नाही. माझ्या स्टोअरला एकच दार होतं, तर हा बाहेर खिडकीशी उभा राहून सामान मागायचा. मला वाटायचं, मला मान देतोय. कधी आत यावंच लागलं तर हातात दोराचं टोक असायचं. तो ते बोटांत घोळवत राहायचा आणि कपाळावरचा घाम थांबायचा. "दोर हातात असला म्हंजे," तो एकदा म्हणाला, "वाट हाय असं वाटतं. असते नसते, ते नंतर बघू."

अशा माणसाला डोंगर आवडला नसता तरच नवल. दर रविवारी आमच्या कारखान्यातली आठ-दहा माणसं घेऊन तो निघायचा. कधी पालघरचा काळदुर्ग, कधी अशेरी. मी त्यांत कसा शिरलो, तर डॉक्टरांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं आणि बायकोनं परस्पर माझं नाव दिलं. पहिल्याच खेपेला अशेरीवर कातळाच्या एका घळीत मी अडकलो. पुढे सरकेना, मागे येईना. खालची मंडळी माझ्या वहाणांकडे बघत उभी, वरची टकलाकडे. जनूदादा वरून वाकला आणि विचारू लागला, काल रात्री जेवायला काय होतं. मी म्हटलं, कोलंबी. कशी केली होती? कांदा घातला होता का? आंबट काय घातलं, कोकम का कैरी? मी चिडून कैरी म्हणालो आणि श्वास सोडला, त्या क्षणी त्यानं मला बगलेत हात घालून उपटून काढलं. "अडकलेला मानूस पोट आत वढतो," म्हणाला, "वढू नये. बोलावं. बोलताना हवा जाते."

काळदुर्गाच्या माथ्यावरून पश्चिमेला समुद्र दिसतो. सगळे तो बघत बसायचे. जनूदादा त्याच्याकडे पाठ करून बसायचा. त्याला बर्फ बघायचा होता. बर्फ त्यानं पाहिला नव्हता असं नाही, मासळीच्या पेट्या भरताना लहानपणापासून पाहिला होता. "पन एकदा असा बर्फ बघायचा हाय," तो म्हणायचा, "ज्याच्याखाली पापलेट नाय."

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा तो योग आला. हिमालयातली एक खिंड ओलांडायची असं ठरलं. आम्ही दहा जण. पलीकडे उतरताना बर्फाचा एक तीव्र उतार, तिथं दोर लागणारच; आणि दोर जनूदादाचा, बावीस वाव, खास गिर्यारोहणाचा, नवा. त्याचं वय तेव्हा पन्नासच्या पुढे गेलेलं. गुडघे अजून एक मोसम देतील, असं तोच म्हणायचा. पण नेमकं कारखान्याचं शटडाऊन लांबलं. त्या दिवसांत सगळी यंत्रं उघडून ठेवलेली. खलाशी सुटत नाही आणि स्टोअरकीपरही सुटत नाही. आठ जण ठरल्याप्रमाणे आगगाडीनं दिल्लीला गेले. दोर पुढे द्या असं त्यांनी सुचवून पाहिलं. जनूदादानं नुसतं बघितलं. शेवटी आम्ही दोघं मोकळे झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दिल्लीहून मंडळींची बस निघणार होती. मॅनेजरसाहेबांना थोडी लाज वाटली असावी. त्यांनी विमानाची दोन तिकिटं काढून दिली.

विमानात दोघंही कधी बसलो नव्हतो. जनूदादाला मी विचारलं, जमेल का. दोन तास, दार बंद, मध्येच उतरता येत नाही. तो म्हणाला, "दोर मांडीवर ठेवीन."

म्हणून दोर हातातल्या पिशवीत. दोराबरोबर बाकीचं सामानही हातातच, कारण दोराची मंडळी एकमेकांपासून वेगळी करायची नाहीत, असाही एक नियम त्यानं तेवढ्यात काढला. लोखंडी खुंट्या, हातोडा, बर्फाची कुऱ्हाड, सुरी, छोटा स्टोव्ह. या सगळ्याला जागा व्हावी म्हणून कपडे अंगावर घालायचे ठरले. अंगावरचं कुणी वजन करत नाही, हा त्याचा शोध. मी दोन विजारी, दोन स्वेटर, डोंगरी बूट आणि वरून कुणाचं तरी मागून आणलेलं पिसांचं जाकीट चढवलं. एक स्वेटर खरं तर जनूदादाचा होता. त्याला उकडत होतं म्हणून तोही माझ्या अंगावर. महिना मे. सांताक्रूझला टॅक्सीतून उतरलो तेव्हा हमालानं मला आजारी समजून खुर्ची आणू का विचारलं.

तपासणीला एक पोलीस इन्स्पेक्टर होते, मिशी पांढरी व्हायला आलेली. त्यांनी पिशवी उघडली. एकेक वस्तू बाहेर काढून ते टेबलावर मांडत गेले. टेबल भरलं.

"काका," ते म्हणाले, "विमानानं जाताय का विमान पाडायला जाताय?"

जनूदादानं हातोडा, खुंट्या, कुऱ्हाड, सुरी, सगळं स्वतःहून पलीकडे सरकवलं. हे विमानाच्या पोटात टाका, म्हणाला. स्टोव्ह हुंगून पाहिला गेला. रॉकेलचा वास आला. तो तिथंच ठेवून घेतला. त्यालाही जनूदादानं मान डोलावली. मग साहेबांनी दोराला हात घातला आणि तो म्हणाला, हा नाय. साहेब म्हणाले, काका, दोरानं माणसं बांधता येतात, विमानं पळवण्याचे दिवस आहेत, हाही सामानात जाईल, दिल्लीला मिळेल. एवढ्यात त्यांच्या शिपायानं कोपऱ्यावर लोंबणारा दोर सरळ ओलांडला. जनूदादानं डोळे मिटून घेतले.

मागे रांग लांबत चालली होती. मी जाकिटात शिजत होतो. माझ्या मते प्रश्न साधा होता. दोर द्यावा, विमानात बसावं. जनूदादाला बाजूला घेऊन मी तेच सांगितलं, आणि वर शहाणपणा केला की नियम नंतर पाळता येतील, आठ माणसं खोळंबली आहेत.

तो माझ्याकडे न बघता बोलला. "नेमाचं सोड, चुरीशेट. दोर हातात नसला तर त्या टाकीत मी बसू शकनार नाय. दार लागलं तर मी वरडेन. मानसांत."

माझं आडनाव चुरी; तो मला थट्टेत शेट म्हणायचा. त्या वेळी आवाजात थट्टा नव्हती. हे वाक्य साहेबांनीही ऐकलं. रांगेतल्या लोकांना त्यांनी हातानंच थांबवलं आणि जनूदादाला टेबलाच्या आत बोलावून स्टूल दिलं. काय झालं होतं, विचारलं. जनूदादानं टाकीची गोष्ट चार वाक्यांत सांगितली. मी ती आधी दहा जणांकडून ऐकली होती, त्याच्या तोंडून ऐकली ती तेवढी एकदाच. चौथं वाक्य होतं, "ते जेवत व्हते, आन् मला वास येत व्हता."

साहेबांनी मिशीवरून हात फिरवला. "आमचे वडील पाणबुडे होते, विहिरीत उतरायचे," एवढंच म्हणाले. मग दोराचं टोक उचललं. "अख्खा देता येणार नाही. एक हात देतो. वर एक बोट नाही."

आता जनूदादाची पंचाईत पाहा. धडधाकट, नवा दोर कापायचा. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, त्यासाठी बाकीचा सगळा नजरेआड सोडायचा, म्हणजे त्याच्या हिशेबानं मारायचा. आणि तसं न केलं तर इथूनच बोईसरला परत. मी त्याच्याकडे बघत होतो. त्यानं दोर कोपराला लावला, अंगठ्यानं जागा धरली आणि ताणून समोर केला. "इथं," म्हणाला.

सुरी प्रवाशाच्या हातात देता येईना, म्हणून साहेबांनी स्वतः कापलं. त्यांना जमत नव्हतं. दोन-तीनदा सुरी घसरली. जनूदादा त्यांना सांगत राहिला, करवतीसारखी नको साहेब, दाबून वढा. तुटला तेव्हा दोघंही थोडे दमले होते.

विमानात आम्हाला शेजारशेजारच्या जागा मिळाल्या. खिडकी एका बाईंची. त्यांनी झोपेसाठी पडदा ओढून घेतला. दार लागलं. तो आवाज मला अजून आठवतो. जोराचा नव्हता, पण पुन्हा उघडेल असं वाटायला लावणारा नव्हता. पट्टे बांधा म्हणाले. जनूदादाच्या मुठीत तो हातभर तुकडा. तो त्याला गाठ मारायचा, सोडायचा, दुसरी मारायचा. आणि विमान जागचं हलेना. काहीतरी अडचण होती, घोषणा झाली, ती आम्हाला समजली नाही. दहा मिनिटं गेली, वीस गेली. गाठी लहान होत गेल्या. त्याचा चेहरा मेणासारखा झाला. मान दाराकडे वळली होती आणि मला कळलं की हा आता उठणार.

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. इथं माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं काहीही नाही. त्याच वेळी मलाच घेरी आली. दोन स्वेटर, पिसांचं जाकीट, वरून पट्टा. मी जाकिटाची चेन खाली ओढली तर ती छातीवर अडकली. पुन्हा ओढली तर आतल्या स्वेटरची लोकर तिच्या दातांत गेली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी जनूदादाचा दंड धरला आणि म्हणालो, "दादा, मी चाललो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. दोराचा तुकडा मांडीवर टाकला आणि दोन्ही हातांनी माझी मान मागे टेकवली.

"सकाली काय खाल्लंस?"

मी म्हटलं, पोहे.

"शेंगदाने व्हते?"

होते. मिरची का तिखट? मिरची. किती जणांचे केले होते? बोलत असताना त्याची बोटं त्या चेनीवर काम करत होती. ज्या हातांनी टनाटनाची यंत्रं बसवली ते हात एकेक लोकरीचा धागा उपटत होते. मध्येच त्यानं शेजारच्या बाईंना उठवून थोडं खोबरेल मागितलं. त्यांच्याकडे ते होतं, त्यांनी दिलंही, आणि त्या जाग्याच राहिल्या, कारण पुढचा प्रकार सोडून झोपणं शक्य नव्हतं. चेनीला तेल लागलं. जनूदादाच्या कपाळावर घाम होता, तो नेहमीच्या कामाचा. किती वेळ गेला कोण जाणे. एकदाची ती चेन सरसर खाली आली आणि मला हवा लागली.

"झालं," तो म्हणाला आणि मागे टेकला. मग त्याला आठवलं. "चुरीशेट, हे कधी उडनार?"

बाईंनी पडदा वर केला. खाली ढग होते. "अहो, अर्धा तास झाला उडून," त्या म्हणाल्या.

तो उठला नाही, ओरडला नाही. वाकून खिडकीतून बघत राहिला आणि थोड्या वेळानं बाईंना विचारलं, हा बर्फ का? ढग आहेत म्हटल्यावर थोडा हिरमुसला.

दिल्लीला दोर मिळाला. आठही मंडळी धर्मशाळेत वाट बघत होती. हा दोर मेलेला, असं जनूदादानं सांगितलं तेव्हा त्यांचे चेहरे पडले. दुसरा दोर आणायला वेळ नव्हता. त्यानं सगळा दोर वाव-वाव करत बोटांतून काढला, डोळे मिटून, दोनदा. तरी त्याचं समाधान होईना. शेवटी धर्मशाळेच्या गच्चीच्या खांबाला दोर बांधून तो स्वतः भिंतीवरून खाली उतरला, वर गेला, पुन्हा उतरला, असा सहा वेळा. खाली बघ्यांची गर्दी जमली. सातव्या वेळी वरून मला म्हणाला, "माजं वजन घेतलं. आता तू ये. तू पास झालास म्हंजे सगले पास." मी उतरलो. दोर टिकला. आयुष्यात माझ्या वजनाचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो तेवढाच.

खिंड बाकीच्या नवांनी ओलांडली. मी पायथ्याच्या तंबूत पोट धरून पडलो होतो. जनूदादा पलीकडून वळसा घालून परत आला तेव्हा नाकावरची कातडी सोलली होती. कसा होता बर्फ, मी विचारलं. म्हणाला, "वास नाय येत त्याला." एवढं सांगून तो बराच वेळ हसत होता.

पुढे दोघंही निवृत्त झालो. मी पालघरला राहायला गेलो. भेटी कमी झाल्या. नव्वदीच्या शेवटी वहिनीचा निरोप आला, की दादाची पाठ धरलीय, पायाला मुंग्या येतात, मुंबईच्या डॉक्टरांनी बोगद्याच्या यंत्रात घालून फोटो काढायला सांगितलाय आणि हे आत जायला तयार नाहीत. दोनदा जाऊन परत आलेत. फोटोशिवाय डॉक्टर हात लावेनात. तुमी या.

मी गेलो. मुंबईतल्या त्या खोलीत पांढरं यंत्र, मध्ये भोक. माणूस आडवा करून डोक्याकडून आत सरकवायचा आणि चाळीस मिनिटं हलायचं नाही. जनूदादा झग्यात बसला होता. मांगेल्याचा रंग सगळा उतरून गेलेला. हातात काही घेता येतं का, त्यानं विचारलं. तिथल्या मुलीनं सांगितलं, हात आतच राहतील आजोबा, आणि हलवायचे नाहीत. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "पाय भायेर राहतात का?"

राहतात, ती म्हणाली.

"मग हा माजा अंगठा धरील."

मला आत उभं राहायचं तर धातूचं काही चालणार नव्हतं. घड्याळ काढलं, किल्ल्या काढल्या, चष्मा काढला, कमरेचा पट्टा काढला. पट्ट्याशिवाय माझी पँट राहत नाही, हे घरच्यांना ठाऊक आहे. जनूदादा आडवा झाला. फळी आत सरकत गेली. डोकं गेलं, छाती गेली, झग्याची नाडी गेली. यंत्र ठोकायला लागलं, लोखंडावर पाना मारावा तसं.

महिन्याभरानं तो गेल्याचं कळलं तेव्हा मी तापानं पडून होतो, नवापूरला पोचू शकलो नाही. त्यामुळे त्याचा चेहरा शेवटचा कधी पाहिला ते मला नीट सांगता येत नाही. मला दिसतात ते दोन तळवे, चिरा पडलेले, टाचा झिजलेल्या, त्या पांढऱ्या भोकातून बाहेर आलेले. एका हातात मी त्याचा अंगठा धरलाय आणि दुसऱ्या हातात माझी पँट. चष्मा नसल्यामुळे सगळं धूसर. बराच वेळ तो अंगठा दगडासारखा ताठ होता. मग ठोकण्याच्या त्या आवाजात, केव्हातरी, तो माझ्या मुठीत सैल झाला. मुलीनं काचेपलीकडून हात वर करून खूण केली, की छान, आजोबा अजिबात हलत नाहीत. माझा हात अवघडला होता. मी तो बदलला नाही.